रीत दाखवणारी प्रणाली

गणिताच्या तासाला बाईंचा एक हट्ट असे: नुसते उत्तर लिहिले तर गुण नाहीत, रीत दाखवा. देवळाली कॅम्पातल्या आपल्या शाळेतला हा हट्ट मला पुढे भलत्याच ठिकाणी आठवला.

आपण सातवीत होतो तेव्हा, २५ ऑगस्ट १९९१ रोजी, हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने जाहीर केले की तो ३८६च्या साध्या पीसीसाठी एक मोफत प्रणाली लिहितो आहे. तिचा आदर्श होता युनिक्स. युनिक्स १९६९ मध्ये अमेरिकेच्या बेल लॅब्जमध्ये जन्मले. पण ते परवाना घेऊन, बहुधा महागड्या यंत्रांवरच चाले. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त युनिक्ससाठी ग्नू प्रकल्प जाहीर केला होता. त्याची बरीच साधने तयार होती, गाभा तेवढा राहिला होता. ती जागा लिनक्सने भरली. १९९२ मध्ये लिनसने ते ग्नूच्या परवान्याखाली आणले: वापरा, वाचा, बदला, वाटा.

टेलिफोनच्या तारेवरून एवढे सगळे उतरवून घेणे आपल्याकडे जवळपास अशक्य होते. १९९६ मध्ये 'पीसी क्वेस्ट' मासिकाने अंकासोबत लिनक्सची सीडी दिली आणि अनेकांच्या घरी ते अशाच सीडींतून पोहोचले. अभियांत्रिकीला असताना माझ्याकडेही आले. घरच्या पीसीवर बाबांच्या दुकानाचा हिशेब होता. डिस्कचे भाग पाडताना मी नेमका तोच पुसला. बाबा रागावले नाहीत. पावत्यांची पिशवी त्यांनी माझ्यापुढे ठेवली. सगळी दिवाळीची सुट्टी नोंदी भरण्यात गेली, तरी आठशे रुपयांचा फरक शेवटपर्यंत सुटला नाही.

रात्री मात्र मी लिनक्सचा मूळ कोड उघडून बसे. अर्धा कळत नसे, पण कुणीतरी रीत लपवली नव्हती. तेव्हा बाई आठवल्या.

रीत उघडी असली की परक्यालाही दुरुस्ती करता येते. आपली लिपी लिनक्सवर आली ती अशाच कामातून. रेड हॅटने २००४ मध्ये लोहित फॉन्ट मुक्त केले. 'दऱ्या'तला 'ऱ्य' नीट दिसावा म्हणून कुणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

आज तुमच्या अँड्रॉइड फोनमध्येही लिनक्सचाच गाभा आहे. बाई, तुम्ही कापलेले गुण मला असे परत मिळाले.