जमीन स्वतःची, तरी हॉटेल बेकायदा : हंपीच्या 'हिप्पी आयलंड'वर नेमकं काय झालं होतं?

२०२० च्या आधी हंपीला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, तो विरुपाक्ष मंदिराच्या बरोबरीने नदीपलीकडच्या 'हिप्पी आयलंड'बद्दल बोलणारच. तुंगभद्रेच्या काठावर भातखाचरं, त्यांच्या कडेला गवती छपराच्या झोपड्या, जमिनीवर गाद्या टाकलेली कॅफे आणि समोर मोठमोठ्या शिळांच्या टेकड्या. मंदिराजवळून होडीत बसलं की काही मिनिटांत पलीकडे. या बेटासारख्या गावाचं खरं नाव विरुपापूर गड्डी.

मार्च २०२० मध्ये तिथे जेसीबी आले आणि ही सगळी हॉटेलं, गेस्ट हाऊस पाडून टाकण्यात आली. फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने ती बेकायदा ठरवली होती.

ही अतिक्रमणं म्हणावीत, तर ज्या जमिनींवर ती उभी होती त्यातल्या कित्येक खासगी मालकीच्या होत्या. मग अडलं कुठे?

त्यासाठी हंपी म्हणजे काय ते आधी बघायला लागतं. आपण हंपी म्हणतो तेव्हा डोळ्यासमोर दगडी रथ आणि विठ्ठल मंदिर येतं. कायद्याच्या दृष्टीने मात्र हंपी हा एक अख्खा परिसर आहे. विजयनगरची राजधानी नदीच्या दोन्ही बाजूंना पसरलेली होती. युनेस्कोने १९८६ मध्ये या जागेला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. तिचा गाभ्याचा भागच जवळपास ४२ चौरस किलोमीटर आहे. त्याच्या भोवतीचा भाग धरला तर नियोजनाखालचं क्षेत्र २३६ चौरस किलोमीटरवर जातं आणि त्यात २९ गावं येतात. या गावांत लोक भात, ऊस, केळी पिकवतात. पोरं मोठी झाली की त्यांना घराला एक खोली वाढवायची असते. आणि दारातून रोज पर्यटक जात असताना एखादा चहाचा गाडा टाकावासा वाटणं हेही साहजिकच.

विरुपापूर गड्डीच्या प्रकरणात कळीचा कागद होता कर्नाटक सरकारची २२ ऑक्टोबर १९८८ ची अधिसूचना. राज्याच्या १९६१ च्या प्राचीन स्मारक कायद्याखाली हंपीचा परिसर त्यात संरक्षित म्हणून जाहीर झाला होता. हॉटेलवाल्यांचं म्हणणं असं की संरक्षण स्मारकांना आहे, आख्ख्या गावाला नाही. २०१५ मध्ये हायकोर्टाने आणि पुढे सुप्रीम कोर्टाने हे मान्य केलं नाही. गावाची जमीनही संरक्षित क्षेत्रात येते, तिथे परवानगीशिवाय बांधकाम करता येत नाही, असा निकाल लागला. जमीन मालकाकडेच राहते, तिच्यावर काय उभं करायचं हे मात्र त्याच्या एकट्याच्या हातात राहत नाही.

इथेच गावोगावी होणारा एक घोळ समजून घेतला पाहिजे. ग्रामपंचायतीचा व्यवसाय परवाना, घरपट्टीची पावती, वीजजोडणी ही सगळी कागदपत्रं हातात असली तरी ती वारसा कायद्याची परवानगी ठरत नाहीत. पंचायत कर घेते म्हणजे बांधकाम कायदेशीर झालं, असा समज फार खोलवर रुजलेला आहे. हंपीत तर पंचायतीच्या डोक्यावर २००२ च्या कायद्याने एक वेगळं प्राधिकरणच बसवलेलं आहे, हंपी जागतिक वारसा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण. तिथल्या विकासकामांना त्याची संमती लागते. पण सूचना निघाली १९८८ ला, हॉटेलं वाढली त्याच्यानंतर, आणि जेसीबी आले २०२० ला. मधल्या सगळ्या वर्षांत ही हॉटेलं कुणापासून लपून नव्हती. हा उशीर प्रशासनाचा, त्याची किंमत मात्र मालकांनी आणि तिथे काम करणाऱ्यांनी मोजली.

हे प्राधिकरण आलं कुठून, तर एका पुलाच्या भांडणातून. नदीच्या पलीकडे आनेगुंदी आहे, विजयनगरच्याही आधीची राजधानी. तिथल्या लोकांना बाजार, दवाखाना, कॉलेज यासाठी नदी ओलांडायची तर टोपलीसारख्या गोल होडीत बसायचं, नाहीतर रस्त्याने मोठा वळसा घालायचा. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं की होड्या बंद. म्हणून नव्वदच्या दशकात आनेगुंदीजवळ वाहनांसाठी झुलता पूल आणि विरुपापूर गड्डीला पादचारी पूल, अशी दोन कामं सुरू झाली. वारसा जपणाऱ्यांनी हरकत घेतली, कारण पुलावरून येणारी जड वाहनं थेट स्मारकांच्या मधून जाणार होती. १९९९ मध्ये युनेस्कोने हंपीला 'धोक्यातील वारसा' यादीत टाकलं. सरकारची धावपळ झाली, वेगळा कायदा आला, आणि २००६ मध्ये हंपी त्या यादीतून बाहेर पडलं. आनेगुंदीचा पूल पुढे जानेवारी २००९ मध्ये काम चालू असतानाच कोसळला आणि त्यात कामगारांचे जीव गेले. शेवटी स्मारकांपासून लांब, बुक्कसागर ते कडेबागिलु असा दुसरा पूल बांधला गेला. गावकऱ्यांची गरज खरी होती आणि तज्ज्ञांची हरकतही. जागा बदलल्यावर दोन्ही जमलं, पण त्यात किती वर्षं गेली!

नदीच्या अलीकडची गोष्ट जास्त अवघड आहे. विरुपाक्ष मंदिरासमोरच्या लांबलचक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जुने दगडी मंडप आहेत. त्यांच्यात आणि आजूबाजूला भिंती घालून लोक राहत होते, दुकानं चालवत होते. जुलै २०११ मध्ये ही वस्ती हटवली गेली. तीनशेच्या आसपास कुटुंबं उठली. आदल्या दिवशी सूचना, दुसऱ्या दिवशी पाडकाम, अशी त्यांची तक्रार होती. पुनर्वसनाची जागा दिली ती काही किलोमीटर दूर कडिरामपुऱ्याला. दगडी खांबांना खिळे ठोकणं, त्यांच्यावर सिमेंट चढवणं हे नुकसानच होतं, यात वाद नाही. पण तो रस्ता बांधलाच होता बाजार म्हणून. सोळाव्या शतकात आलेल्या परदेशी प्रवाशांनीही विजयनगरच्या गजबजलेल्या बाजारांचं वर्णन करून ठेवलंय. रिकामा बाजार हाच खरा वारसा का, हा तिथल्या लोकांचा प्रश्न सहज झटकून टाकण्यासारखा नाही.

हंपीचे नियम खास हंपीचे आहेत. पण केंद्राने संरक्षित केलेलं कुठलंही स्मारक जवळ असेल तर देशभर एक नियम लागू होतो. स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद. त्याच्यापुढे आणखी २०० मीटर परवानगी घेऊनच. ही अंतरं १९९२ मध्ये अधिसूचनेने ठरली आणि २०१० मध्ये थेट कायद्यात घातली गेली. १०० मीटरच्या आत १६ जून १९९२ पूर्वीचं घर असेल तर दुरुस्तीसाठी परवानगी मागता येते. नियम मोडला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

महाराष्ट्रात हा विषय आता जास्त निघतो, कारण जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यातले ११ आपल्याकडचे. पन्हाळ्यावर तर गडातच गाव आहे. यादीत नाव गेलं की घर सुटेल का, दुरुस्ती अडेल का, ही भीती तिथल्या रहिवाशांनी आधीच बोलून दाखवली होती. युनेस्को स्वतः कुणाचं घर पाडत नाही की बांधकाम थांबवत नाही. ते करतो आपलाच कायदा, आणि १०० मीटरचा नियम यादीच्या कितीतरी आधीपासून लागू आहे. फरक एवढाच की यादीत आल्यावर त्याच्या अंमलबजावणीकडे लक्ष जास्त जातं.

१०० मीटरच्या आत निदान सरकारी प्रकल्पांना वाट मिळावी म्हणून केंद्राने कायद्यात दुरुस्ती आणली होती. जानेवारी २०१८ मध्ये ती लोकसभेत मंजूर झाली. राज्यसभेने ती प्रवर समितीकडे पाठवली आणि तिचा कायदा झाला नाही. त्या दुरुस्तीतही सवलत रस्ते, पूल अशा सार्वजनिक कामांसाठी होती. घराला एक खोली वाढवू पाहणाऱ्या गावकऱ्यासाठी तिच्यात काही नव्हतं.