मराठी धारिकांचे स्थलांतर

मराठी धारिकांचे स्थलांतर म्हणजे जुन्या संगणकावर साठवलेला मराठी मजकूर नव्या संगणकावर हलवणे आणि तो तेथे वाचता, शोधता व संपादित करता येईल अशा स्थितीत आणणे. धारिकांची, म्हणजेच फाइलींची, नक्कल करणे हा या कामाचा सोपा भाग होय. इंग्रजी मजकुराच्या बाबतीत काम बहुधा तेथेच संपते. युनिकोडपूर्व काळातील मराठी मजकुराच्या बाबतीत मात्र ते तेथून सुरू होते. प्रबंध, दिवाळी अंकांची जुळणी, शाळांचे निकालपत्रक, गृहनिर्माण संस्थांची इतिवृत्ते असा मोठा ऐवज आजही जुन्या टंकांत अडकलेला आढळतो.

पार्श्वभूमी

भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे संकेतन भारतीय मानक म्हणून १९९१ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्तीही आली. तीत देवनागरीसाठी १२८ स्थाने राखून ठेवलेली होती. परंतु सर्वसामान्य वापरातील विंडोज प्रणालीत युनिकोड देवनागरीची सोय विंडोज २००० पासून झाली. विंडोज एक्सपीमध्येही ती अनेकदा स्थापना-तबकडीवरून वेगळी बसवावी लागे. मधल्या काळात छपाईची गरज थांबणारी नव्हती. ती श्रीलिपी, आकृती, कृतीदेव, शिवाजी, तसेच पुण्याच्या सी-डॅक संस्थेचे सुरेख, योगेश अशा टंकांनी भागवली.

या टंकांची युक्ती एकच होती. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरांचे तुकडे बसवायचे. कृतीदेव टंकात 'काम' हा शब्द उमटवण्यासाठी डी, के, ई या कळा दाबाव्या लागतात आणि धारिकेत प्रत्यक्षात तीच तीन रोमन अक्षरे साठवली जातात. टंक उपलब्ध असेपर्यंत डोळ्यांना 'काम' दिसते. तो नसलेल्या संगणकावर मात्र निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसते. धारिका बिघडली असे समजून ती पुसून टाकण्याची चूक येथेच होते. वस्तुतः मजकूर शाबूत असतो, केवळ त्याची किल्ली हरवलेली असते.

हलवण्यापूर्वी

म्हणूनच धारिकांबरोबर जुन्या संगणकावरील टंकांच्या धारिकाही घ्याव्या लागतात. विंडोजमध्ये त्या 'फॉन्ट्स' या कप्प्यात असतात. काही टंकसंचांना संगणकाच्या मागे जोडायचे कुलूप लागे. तो छोटा तुकडा जुन्या यंत्रासोबत भंगारात गेला, तर संच नव्याने चालू करणे अवघड होते. प्रत्येक दस्तऐवजात कोणता टंक वापरला आहे याची नोंद जुना संगणक चालू असतानाच करून ठेवणे श्रेयस्कर.

प्रत्यक्ष नक्कल पेनड्राइव्हने, बाह्य तबकडीने किंवा घरच्या जाळ्यावरून होते. फॅट३२ पद्धतीने सज्ज केलेल्या पेनड्राइव्हवर ४ जीबी किंवा त्याहून मोठी धारिका मावत नाही. संगणक सुरूच होत नसेल, तर आतील तबकडी काढून जोडणीच्या केबलने नव्या संगणकाला लावता येते. मात्र ती बिटलॉकरने कुलूपबंद असल्यास ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली लागते. धारिका 'कट' न करता 'कॉपी' कराव्यात आणि दोन्हीकडील संख्या व आकार जुळल्याखेरीज मूळ प्रत काढू नये.

युनिकोडमध्ये रूपांतर

जुना टंक नव्या संगणकावर बसवला की मजकूर वाचता येतो, पण शोधता येत नाही. नावांची यादी अकारविल्हे लावू गेल्यास ती वर्णमालेप्रमाणे न लागता आतल्या रोमन अक्षरांप्रमाणे लागते. यावर कायमचा उपाय युनिकोड रूपांतराचा. त्यासाठी परिवर्तक आज्ञावल्या मिळतात, मात्र प्रत्येक टंकाचा नकाशा निराळा असल्याने टंकाचे नाव ठाऊक असणे आवश्यक असते. साध्या मजकुराच्या धारिकेत टंकाची नोंद उरतच नाही.

केवळ अक्षरामागे अक्षर ठेवून हे काम भागत नाही, क्रमही बदलावा लागतो. जुन्या टंकांत लेखनातील दृश्य क्रम असतो: 'दिन' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी, द नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असल्याने वेलांटी द च्या नंतर येते. 'धर्म' मधील रफार कृतीदेवमध्ये म च्या नंतर साठवला जातो, तर युनिकोडमध्ये र आणि हलन्त चिन्ह म च्या आधी येतात. कच्चे परिवर्तक नेमके येथे चुकतात. मजकुरात मधूनच आलेले इंग्रजी शब्दही मराठी समजून बदलले जातात.

मराठीची स्वतःची अडचण आणखी वेगळी. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे दरीचे अनेकवचन. हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेले परिवर्तक हा भेद पुसून टाकू शकतात. शिवाय 'दऱ्या' मधील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. दिसायला दोन्ही सारखे, पण एका प्रकारे शोधल्यास दुसरा सापडेलच असे नाही. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ साली मिळाले. त्याआधीच्या मजकुरात त्याऐवजी 'ऍ' किंवा अ वर वेगळा चंद्र दिलेला आढळतो. रूपांतरानंतर मुद्रितशोधन टाळता येत नाही, आणि त्यासाठी जुनी छापील प्रत अथवा टंक अंतर्भूत असलेली पीडीएफ प्रत शेजारी असावी.

रूपांतरित मजकूर जुन्या नोटपॅडमध्ये 'अन्सी' पर्यायाने जतन केल्यास प्रत्येक देवनागरी अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह उमटते. ही हानी मात्र भरून येत नाही. 'यूटीएफ-८' हा पर्याय निवडावा.

पेजमेकरमधील जुळणी

मराठी नियतकालिकांची जुळणी दीर्घकाळ पेजमेकरमध्ये होत असे. त्याची शेवटची, ७.० ही आवृत्ती २००१ साली आली. इनडिझाइनच्या सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकर ६.० ते ७.० च्या धारिका उघडतात, त्यापुढील उघडत नाहीत. त्यामुळे अशा धारिका असलेल्या मुद्रणालयांत एखादा जुना संगणक केवळ एवढ्यासाठी चालू ठेवलेला दिसतो.

जुना संगणक देऊन टाकताना

धारिका पुसल्या म्हणजे त्या नाहीशा झाल्या असे नव्हे. चुंबकीय तबकडीवर पुसल्यानंतर बहुधा केवळ सूचीतील नोंद जाते, मजकूर त्यावर नवे काही लिहिले जाईपर्यंत राहतो. बँकेचे तपशील किंवा विद्यार्थ्यांच्या नोंदी असल्यास पूर्ण तबकडीवर पुन्हा लेखन करणारी आज्ञावली चालवावी, अथवा तबकडी काढून घेऊनच यंत्र द्यावे.