वाराचे घर



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी जुन्या काळाविषयी चार शब्द लिहा, असे कार्यवाहबाईंनी सांगितले, तेव्हा प्रथम वसईचा किल्ला आणि चिमाजी अप्पाच डोळ्यांपुढे आले. पण त्यांविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. म्हणून मी आपल्या स्वयंपाकघराचाच थोडा इतिहास सांगणार आहे. कारण महाराष्ट्रातील कित्येक पोरक्या मुलांचे शिक्षण त्याच्याच आधाराने पार पडले.

माझे आजोबा लहानपणीच आईबापांवाचून पोरके झाले. पुण्यास ते वार लावून शिकले. सोमवारी एका घरी जेवायचे, मंगळवारी दुसऱ्या. अशी सात वारांची सात घरे. एखादा वार रिकामा राहिला, तर त्या दिवशी माधुकरी मागायची, नाहीतर पाणी पिऊन निजायचे. हे सांगताना त्यांचा कंठ कधी दाटला नाही. ते एवढेच म्हणत, "जेवण साधेच असे. पण परीक्षेचा निकाल लागला की तो कोणाला सांगू, हा प्रश्न मला पडला नाही. गुरुवारच्या काकू दारातच उभ्या असत."

अशाच निराधार विद्यार्थ्यांसाठी पुण्यात १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह निघाले. तेथील मुलेही माधुकरी मागून शिकली. पुढे ही संस्था पुणे विद्यार्थी गृह या नावाने नावारूपास आली.

मात्र ही दारे सर्वांना सारखी उघडी नव्हती, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. वार मिळे तो बहुधा ब्राह्मणाच्या मुलास. इतरांच्या मुलांना त्या ओटीवर पाऊल ठेवता येत नसे. ही उणीव ज्यांनी भरून काढली, त्यांत कर्मवीर भाऊराव पाटील आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचे नाव आदराने घ्यावे लागते. १९२४ साली साताऱ्यास त्यांनी वसतिगृह काढले आणि सर्व जातींची मुले एका पंक्तीला बसविली. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. शेवटी मंगळसूत्रही दिले. महात्मा गांधींनी १९२७ साली या वसतिगृहाला भेट दिली. कर्मवीरांचे नाव सर्वतोमुखी झाले. परंतु त्या मुलांच्या घासाची काळजी वाहणारी माउली १९३० सालीच निवर्तली.

तिसरे उदाहरण हिंगण्याचे. महर्षी कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली. त्या काळी 'अनाथ' या शब्दात बालविधवाही आल्या. त्यांच्या शिक्षणासाठी पुढे भाऊबीज निधी सुरू झाला. वर्गणी न म्हणता भाऊबीज म्हटले, यातच सारे आले. वर्गणी दिली की संबंध सुटतो. भाऊबीज घातली की नाते लागते.

आज काळ बदलला आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे अठरा वर्षे पुरी झाली की बालगृहातील मुक्काम संपतो. पुढे एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे नंतरच्या मदतीची, तरतूद आहे. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली अनाथांसाठी शिक्षणात व शासकीय नोकऱ्यांत एक टक्का आरक्षण ठेवले. या गोष्टी मोलाच्या आहेत. पण अठराव्या वर्षी कॉलेजात गेलेल्या मुलीची पदवी हातात येईपर्यंत एकविसावे वर्ष उजाडते. मध्ये एक वर्ष वाया गेले, की सारा हिशेब चुकतो.

असाच एक हिशेब आमच्याकडूनच चुकला. काही वर्षांपूर्वी बालगृहातून बाहेर पडलेली एक मुलगी आपल्या भागात कॉलेजला आली. मंडळाने तिची फी भरली, धनादेश देतानाचा फोटोही काढला. दिवाळीत वसतिगृहाला कुलूप लागले. ती कोठे जाईल, हे आम्हां पंधरा जणींपैकी एकीनेही विचारले नाही. दोन रात्री ती मैत्रिणीकडे राहिली. मग एका बिऱ्हाडी मूल सांभाळण्याचे काम धरून तेथेच सुट्टी काढली. पुस्तक उघडायला सवड मिळाली नाही आणि ती एका विषयात नापास झाली. आम्हांला हे कळले फेब्रुवारीत! तेव्हा घरोघर फराळाची ताटे पोहोचविणाऱ्या आम्ही बायका खाली माना घालून बसलो होतो.

त्या सभेत आपल्या एका ज्येष्ठ भगिनी म्हणाल्या, "रविवार माझा." बस्स, ठराव नाही की अनुमोदन नाही. दर रविवारी ती मुलगी त्यांच्याकडे जेवू लागली. ताप आला तर तेथेच निजू लागली. अनाथ प्रमाणपत्राच्या कामी कचेरीत त्या तिच्याबरोबर गेल्या. पुढची दिवाळी तिने त्याच घरी केली आणि परत जाताना तिच्या पिशवीत सुकेळ्यांचा पुडा होता. राहिलेला विषय सुटला, पदवी मिळाली. निकालाच्या दिवशी ती पेढे घेऊन प्रथम कोठे गेली, हे सांगावयास नकोच. मला मात्र आजोबांच्या गुरुवारच्या काकू आठवल्या.

फी भरणारे हात पुष्कळ मिळतील; शासनही देईल. परंतु सुट्टी लागली, दुखणे आले, निकाल लागला, तर जावे असे एक घर शासनाला देता येत नाही. ते आपल्याजवळ आहे. या वर्धापनदिनापासून कार्यवाहबाईंकडे एक वही ठेवली आहे. तीत सात वारांचे सात रकाने आहेत. रविवारच्या रकान्यात नाव आहे. बाकीचे सहा अजून कोरे आहेत.