सुटे भाग आणि स्वदेशी मोटार

पालघर जिल्ह्यातील दांडी हे समुद्रकाठचे मासेमारांचे गाव. बोईसर स्थानकावर उतरून किनाऱ्याकडे जाऊ लागले की हा सारा परिसर तारापूरच्या अणुविद्युत केंद्राच्या नावाने ओळखला जातो, हे ध्यानात येते. या केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या. त्या 1969 साली सुरू झाल्या. 1974 च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने हात आखडता घेतला आणि 1978 च्या अमेरिकी कायद्याने इंधनाची वाट अडवली. 1982 साली फ्रान्सकडून इंधन घेण्याचा मार्ग निघाला, तरी सुट्या भागांचा प्रश्न शिल्लकच होता. 1983 साली अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉर्ज शुल्ट्झ दिल्लीत आले, तेव्हा इतरत्र न मिळणारे भाग पुरवण्याची तयारी त्यांनी दाखवली. यंत्र आपल्या भूमीवर, ते चालवणारी माणसे आपली. पण एक झडप बदलायची तर परराष्ट्रमंत्र्यांनी बोलावे लागावे, अशी ही अवस्था.

हा पेच अणुयुगाने निर्माण केला असे आपण सहज समजून चालतो. वस्तुतः मुंबईने तो मोटारीच्या निमित्ताने कितीतरी आधी अनुभवला होता. स्वदेशी मोटारीचा इतिहास वाचताना आम्हांला राहून राहून वाटते की, तो मुळात सीमेपलीकडून भाग मागवण्याचा आणि ते मागवणे हळूहळू थांबवण्याचा इतिहास आहे.

जनरल मोटर्सने शिवडीला आपला कारखाना 1928 साली काढला. कारखाना म्हणायचे एवढेच. तिथे मोटार घडत नसे, जुळवली जाई. सुट्या भागांची खोकी गोदीत उतरत आणि मुंबईचे कामगार सांगाडा, इंजिन, चाके एकत्र आणून गाडी उभी करीत. हाताला कौशल्य येई; पण तो भाग तसा का आहे, त्याचे पोलाद कोणते, त्याचा साचा कुठे, याचे ज्ञान सागरापलीकडेच राही.

सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांना ही मर्यादा मान्य नव्हती. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी तिसाच्या दशकात मोटार कारखान्याची योजना मांडली आणि वालचंदांनी ती उचलून धरली. फोर्डशी बोलणी फिसकटली, क्रायस्लरशी जमले. युद्धकाळात ब्रिटिश सरकारने या उद्योगाला हवा तो आधार दिला नाही. अखेर 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि 1947 साली कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. मात्र याही गाड्या आरंभी क्रायस्लरच्या आयात भागांच्याच होत्या. माझगावला महिंद्रांनी 1949 साली विलिस जीपची जुळणी सुरू केली, तीही आयात भागांवरच. सनदी स्वातंत्र्य मिळाले होते. खोकी मात्र पूर्वीसारखीच गोदीत उतरत होती.

खरी कलाटणी 1953 साली मिळाली. भाग देशात बनवण्याचा टप्प्याटप्प्याचा कार्यक्रम ज्यांच्यापाशी आहे त्यांनीच या धंद्यात राहावे, अशी शिफारस टॅरिफ आयोगाने केली आणि सरकारने ती स्वीकारली. नुसती जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी 1954 साली आपले येथील काम गुंडाळले. मोटार कोणाची, हा प्रश्न नाममुद्रेवरून न सोडवता तिच्या आतल्या भागांवरून सोडवला गेला, हे या निर्णयाचे मर्म होय.

प्रीमियरने इटलीच्या फियाटशी नाते जोडले होते. 1964 च्या फियाट अकराशे डी या गाडीचा घाट पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने दशकानुदशके टिकला. इटलीत मात्र 1966 सालीच तिची जागा नव्या गाडीने घेतली. म्हणजे ज्या गाडीचे भाग आपण तुरिनहून आणत होतो, ती तुरिनला इतिहासजमा झाली आणि कुर्ल्यात तिचे भाग घडत राहिले. याची किंमत ग्राहकाने मोजली. परकीय चलनाच्या टंचाईमुळे आयात परवाना दुर्मीळ, उत्पादन तोकडे, आणि नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहणे हा मध्यमवर्गाचा अनुभव. स्पर्धाच नसल्याने गाडी सुधारण्याची निकडही कुणाला वाटली नाही. हा दोष झाकून स्वदेशीचे गोडवे गाणे आम्हांला अप्रामाणिक वाटते. पण त्याच बरोबर हेही खरे की, तालुक्याच्या गावातील मिस्त्रीही ही गाडी उघडून पुन्हा चालती करू शकत असे आणि मुंबईत ऑपेरा हाऊसच्या बाजारात तिचे भाग मिळत. मुंबईच्या रस्त्यांवरून टॅक्सीच्या रूपातली अखेरची पद्मिनी 2023 च्या ऑक्टोबरात उतरली. एवढे आयुष्य तिला लाभले ते या मिस्त्रींमुळे आणि या बाजारामुळेच.

'अर्वाचीन मराठी वाङ्मयसेवक' सिद्ध करणाऱ्या गं. दे. खानोलकरांनी वालचंदांचेही चरित्र लिहिले, ही गोष्ट आपल्या अभ्यासकांनी आठवावी. उद्योगाकडे वाङ्मयाच्या माणसाने वळून पाहण्याची ती वाट पुढे फारशी रुळली नाही. शिवाय चरित्राचा प्रकृतिधर्म नायकाभोवती फिरण्याचा. जुळणी करणारा कामगार, दुकानाच्या फळीवर भाग ओळखणारा विक्रेता, बिघडलेल्या भागावरून नवा भाग घडवणारा कातारी यांच्यासाठी दुसऱ्या प्रकारचे लेखन हवे.

दांडीच्या वाळूवर उभे राहून तारापूरकडे पाहताना म्हणूनच आम्हांला कुर्ला आठवते. मोटार अडली तर माणूस पायी जातो. अणुभट्टीचा भाग अडला तर त्याची काळजी शेजारच्या गावांनाही वाहावी लागते. यंत्र विकत घेताना ते दुरुस्त कोण करणार हे विचारायला आपण कुर्ल्यात शिकलो होतो. तारापूरच्या करारावर सह्या झाल्या त्या 1964 साली, म्हणजे टॅरिफ आयोगाच्या शिफारशीनंतर पुरत्या अकरा वर्षांनी.