फारसी, उर्दू, आयईएलटीएस : भाषेच्या दारावरचे पहारेकरी

परदेशी विद्यापीठात प्रवेश हवा तर इंग्रजी येते हे सिद्ध करा, ही अट वरवर पाहता रास्त वाटते. ज्या भाषेत शिकायचे ती यायलाच हवी. पण आमच्या समाजाचा इतिहास सांगतो की भाषेची अट नुसती भाषेपुरती कधीच नसते. आत कोणाला घ्यायचे हेही तीच ठरवत असते.

शाळेत बाबासाहेबांना संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. इथे परीक्षासुद्धा घेतली नाही, जात पाहूनच दार लावले. पुढे त्याच बाबासाहेबांनी स्वतःच्या बळावर संस्कृत आत्मसात केली. म्हणजे कमतरता विद्यार्थ्यात नव्हती, पहारेकऱ्यात होती.

आमच्या मराठवाड्याची गोष्ट आणखी वेगळी. फुलंब्री १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती. कारभार उर्दूत चाले. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम उर्दू आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय. घरात मराठी बोलणाऱ्या शेतमजुराच्या पोराला पदवीपर्यंत पोहोचायला दोन परक्या भाषा ओलांडाव्या लागत. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या लेखणी होती त्यांना ते जमले. ज्यांच्या हाती झाडू आणि खुरपे होते ते बाहेर राहिले.

ही कोंडी फोडली बाबासाहेबांनीच. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले, तेच आजचे मिलिंद. खेड्यापाड्यातली पहिली पिढी तिथे पदवीधर झाली. बाबासाहेबांनी उंबरठाच गावाजवळ आणून ठेवला.

आता १९१३ साल पाहू. त्या वर्षी बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. त्याच वर्षी केंब्रिजने इंग्रजी प्रावीण्याची आपली पहिली परीक्षा घेतली. तिला तीन उमेदवार बसले आणि तिघेही नापास झाले! बाबासाहेबांजवळ मुंबई विद्यापीठाची बी.ए. होती. टोफेल १९६४ साली आली, आयईएलटीएस १९८९ साली. त्यांना यातले काहीच द्यावे लागले नाही. तरीही त्यांच्या इंग्रजी ग्रंथांचा आज जगभर अभ्यास होतो.

आजची स्थिती काय आहे? आयईएलटीएसची फी अठरा हजार रुपयांच्या आसपास आहे. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे एका परीक्षेसाठी सुमारे ५८ दिवसांची मजुरी, तीही पोटाला काही न खाता. निकाल दोन वर्षेच ग्राह्य. गुण थोडे कमी पडले तर पुन्हा फी. शिकवणीचा आणि प्रवासाचा खर्च वेगळा.

राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्राचीही आहे. पण त्यांचा पैसा प्रवेश मिळाल्यावर येतो. परीक्षेची फी त्याच्या कितीतरी आधी भरायची असते. त्यामुळे अनेकांची वाट अर्जापर्यंत पोहोचण्याआधीच संपते, आणि मग "पात्र उमेदवारच मिळत नाहीत" असे म्हणायला सगळे मोकळे!

दुसरी बाजूही बघा. इंग्रजीभाषक देशांची ब्रिटिश सरकारची एक यादी आहे. त्या देशांच्या नागरिकांना ही परीक्षा द्यावी लागत नाही. यादीत जमैका, गयाना, त्रिनिदाद आहेत, भारत नाही. काही विद्यापीठे बारावीचे इंग्रजीचे गुण चालवून घेतात, पण त्यातही बोर्ड पाहून अट बदलते. महागड्या शाळेतल्या मुलाला सूट मिळण्याची शक्यता जास्त, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलीला कमी.

आम्ही इंग्रजीच्या विरोधात नाही. इंग्रजीने आमच्यासाठी जगाची दारे उघडली, हे आम्ही विसरलेलो नाही. इंग्रजी आलीच पाहिजे. आमचा आक्षेप एवढाच की भाषेच्या नावाखाली खिसा मोजला जाऊ नये.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. शिष्यवृत्तीस पात्र विद्यार्थ्यांची परीक्षा फी सरकारने आगाऊ भरावी. बार्टीने तयारीचे मोफत वर्ग फुलंब्रीसारख्या तालुक्यांपर्यंत न्यावेत. आणि इंग्रजी माध्यमातून पदवी घेतलेल्यांनी फी भरण्याआधी विद्यापीठाला पत्र लिहून माध्यमाचा दाखला चालतो का, हे विचारावे. अनेक ठिकाणी तो चालतो, आपल्याला ते कोणी सांगत नाही.

'शिका' हा बाबासाहेबांचा आदेश आहे. त्याच्या आड फी येत असेल तर 'संघटित व्हा' आणि 'संघर्ष करा' हेही त्यांनीच सांगून ठेवले आहे.

जय भीम!