कमी जनावरे, अधिक नफा : उत्तर ऑस्ट्रेलियातील कळप-व्यवस्थापन

उत्तर ऑस्ट्रेलियात गाई पाळल्या जातात त्या दुधासाठी नव्हे, तर मांसासाठी. क्वीन्सलंडचा उत्तर भाग, नॉर्दर्न टेरिटरी आणि पश्चिमेकडील किंबर्ली या पट्ट्यात काही पशुपालकांची कुरणे हजारो चौरस किलोमीटरपर्यंत पसरलेली आहेत. तेथे ना दावण, ना गोठा. जनावरे वर्षभर मोकळी चरतात आणि वर्षातून एक-दोनदाच हेलिकॉप्टर, घोडे व मोटारसायकली यांच्या साहाय्याने हाकून गोळा केली जातात. एरवी मालकाला दिसतही नसलेल्या कळपाची निगा सुधारण्यास त्याला प्रवृत्त कसे करायचे, हा तेथील कृषी विस्तार खात्यांपुढील जुना प्रश्न आहे.

सुरुवात सक्तीने झाली. जनावरांतील सांसर्गिक गर्भपात (ब्रुसेलोसिस) व क्षयरोग यांच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १९७० मध्ये सुरू झाली. प्रत्येक जनावर तपासायचे, तर ते आधी हाती लागायला हवे. त्यामुळे कुंपणे व पाणवठे यांचे जाळे उभे राहिले. १९८९ मध्ये देश ब्रुसेलोसिसमुक्त, तर १९९७ मध्ये क्षयरोगमुक्त जाहीर झाला. याच काळात शॉर्टहॉर्नसारख्या ब्रिटिश जातींची जागा उष्णता व गोचिडांना तोंड देणाऱ्या ब्राह्मण संकरांनी घेतली. ही जात अमेरिकेत घडली असली तरी तिचे मूळ गीर, कांकरेज, ओंगोल आणि आपल्या कृष्णा खोऱ्यातील गोवंशात आहे.

कुरणात जनावरे किती सोडावीत, हे मात्र कायद्याने ठरवता येत नाही. गवत दिसते तोवर जनावरे वाढवायची, हा सहज हिशेब. तो तपासण्यासाठी चार्टर्स टॉवर्स गावाजवळील वाम्बियाना या खासगी कुरणावर १९९७ मध्ये दीर्घकालीन प्रयोग सुरू झाला. काही भागांत एका जनावरामागे सुमारे ४ हेक्टर, तर काहींत सुमारे ८ हेक्टर जमीन ठेवण्यात आली. पहिली काही वर्षे पाऊस चांगला झाला आणि दाट चराईच अधिक फायद्याची ठरली. प्रयोग तेव्हाच थांबला असता तर चुकीचाच धडा मिळाला असता. पुढे कोरडी वर्षे आली. दाट चराईच्या भागात उत्तम बहुवर्षायू गवते मागे हटली, मळी व युरिया विकत घेऊन जनावरे जगवावी लागली आणि आधीचा नफा त्यात गेला. विरळ चराईतील जनावरांचे वजन अधिक भरले, कत्तलखान्यात त्यांना भावही बरा मिळाला. दीर्घ काळाच्या ताळेबंदात निम्मी जनावरेच सरस ठरली. हा आकडा सरकारी शेतावरचा नसून चालत्या कुरणावरचा असल्याने शेजारच्या पशुपालकांना तो नाकारणे अवघड गेले.

दुसरे उदाहरण स्फुरदाचे (फॉस्फरस). उत्तरेतील जमिनीत हे द्रव्य फार कमी. दूध पाजणारी गाय ते स्वतःच्या हाडांतून काढून वासराला देते, रोडावते आणि पुन्हा लवकर गाभण राहत नाही. भुकेपोटी जनावरे मेलेल्या गुरांची हाडे चघळतात व त्यातून बॉट्युलिझमची विषबाधा होते. त्यासाठी लसही टोचावी लागते. उपाय साधा : स्फुरदयुक्त क्षारमिश्रण चाटण्यास ठेवणे. पण ते द्यायचे कधी? पशुपालकाला वाटते, उन्हाळ्यासारख्या कोरड्या दिवसांत, गुरे खंगलेली दिसतात तेव्हा. वस्तुतः त्या वेळी उणीव प्रथिनांची असते आणि तेथे युरियाच उपयोगी पडतो. स्फुरदाची खरी गरज पावसाळ्यात, गवत हिरवे असताना आणि गाय दूध देत असताना असते. नेमक्या त्याच दिवसांत चिखलाने वाटा बंद असतात. म्हणून मिश्रण पावसापूर्वीच उंच जागी नेऊन ठेवावे लागते. पटवून देण्यासाठी सल्लागार आता त्याच पशुपालकाच्या जनावरांचे रक्त तपासून स्फुरदाचे प्रमाण त्याच्यापुढे ठेवतात.

या कामाचा खर्च बव्हंशी सरकार व पशुपालक मिळून उचलतात. जनावराच्या विक्रीवर पट्टी आकारली जाते आणि तिचा मोठा वाटा १९९८ मध्ये स्थापन झालेल्या 'मीट अँड लाइव्हस्टॉक ऑस्ट्रेलिया' या कंपनीकडे संशोधन, प्रशिक्षण व विपणनासाठी जातो. वासरे वेळेवर आईपासून तोडणे, गर्भतपासणी करून रिकाम्या गाई विकणे, पावसाळ्यात कुरणाचा एखादा भाग चराईबंदीखाली ठेवणे हे विषय या वर्गांत शिकवले जातात. चार्टर्स टॉवर्सच्या परिसरात त्याला आणखी एक कारण आहे. उघड्या पडलेल्या कुरणांची माती बर्डेकिन नदीतून थेट ग्रेट बॅरियर रीफच्या प्रवाळांपर्यंत वाहत जाते.