जुडीचा इतिहास: नाशिकच्या पालेभाजीची गोष्ट

हा भाग ऐकताना तुम्ही कदाचित बसमध्ये असाल, जिममध्ये असाल, किंवा घरी आईसमोर बसून मेथी निवडत असाल. मेथी निवडत असाल तर उत्तमच, कारण आज पालेभाजीबद्दलच बोलायचंय. आणि गाव आपलं नाशिक.

नाशिक म्हटलं की बाहेरच्या माणसाला द्राक्षं आठवतात, कांदा आठवतो, हल्ली वाइन आठवते. या सगळ्यांचं एक बरं आहे, ते टिकतात. कांदा चाळीत महिनोन्महिने राहतो, द्राक्षाचा बेदाणा होतो. मग त्यांच्या गाड्या भरतात, निर्यात होते, आकडे छापले जातात, आणि आकडे असले की त्यावर इतिहास लिहिता येतो. मेथीची जुडी आज पहाटे काढली की उद्या संध्याकाळपर्यंत मान टाकते. तिची नोंद कोण ठेवणार?

इंग्रजांनी छापलेलं नाशिक जिल्ह्याचं जाडजूड गॅझेटियर १८८३ सालचं. जमीन, महसूल, पिकं, व्यापार, देवळं, सगळं त्यात आहे. पण सरकारची नजर शेवटी साऱ्यावर. जिरायत किती, बागायत किती, हे त्यांना हवं असायचं. विहिरीवर मोट चालायची, पाणी दांडानं वाफ्यात जायचं, आणि दांडाच्या ओल्या कडेला घरातल्या बाईनं टाकलेलं शेपूचं, चुक्याचं, कोथिंबिरीचं बी उगवून यायचं. रात्री भाकरीबरोबर तेच. या ओल्या कडेवर वेगळा सारा नव्हता, म्हणून कागदही नाही.

मग हा इतिहास शोधायचा कुठे? माझं मत विचाराल तर आधी सणांमध्ये.

गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी येते. त्या दिवशी बैलाच्या श्रमाचं काही खायचं नाही असा नियम आहे. म्हणजे नांगरलेल्या शेतातलं धान्य बंद. मग ताटात येतं काय? परसातला अळू, माठ, भोपळा, सुरण, मक्याचं कणीस. थोडं थांबून विचार करा, या एका नियमानं वर्षातून एकदा आपल्याला नांगराशिवायच्या स्वयंपाकाकडे नेऊन ठेवलंय. पुढे गौरी येतात. कितीतरी घरांत माहेरवाशीण गौरीला पहिल्या संध्याकाळी पुरणपोळी नसते, भाजी-भाकरीचा नैवेद्य असतो. मेथी नाहीतर शेपू. प्रवासातून दमून आलेल्या लेकीला आई जे पटकन करून वाढेल, तेच देवीला. मला हा नैवेद्य दुसऱ्या दिवशीच्या भरगच्च ताटापेक्षा जास्त आवडतो, हे इथे सांगून टाकतो.

ग्रंथांत बघायला गेलं तर पालेभाजीचं फार कौतुक नाही. सतराव्या शतकात रघुनाथ गणेश नवहस्ते यांनी ‘भोजनकुतूहल’ नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्यात खाण्याच्या पदार्थांचे गुणदोष दिलेत. पण या परंपरेतली मंडळी बोलतात वैद्याच्या भूमिकेतून. हे पचायला जड, हे वात वाढवणारं. पालेभाजीकडे आयुर्वेदानं बऱ्याचदा जरा संशयानंच पाहिलंय. आज डॉक्टर रोज ‘पालेभाज्या खा’ म्हणतात, तेव्हा मला याची गंमत वाटते.

आणि आपण जिला ‘पारंपरिक’ म्हणतो ती लसणाची फोडणी, हिरवी मिरची आणि वर शेंगदाण्याचं कूट? त्यात लसूण जुना. मिरची आणि शेंगदाणा मूळचे अमेरिका खंडातले. मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरली. त्याआधी तिखटपणासाठी मिरी होती, सुंठ होती. म्हणजे पान आपलं, पण चव अर्ध्या जगातून फिरून आलेली.

आता या गोष्टीचा कठीण भाग.

१८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ. सरकारनं दुष्काळी कामं काढली. मजुराला किती द्यायचं हे ठरवायला दिल्लं-घेतलं काटेकोर मोजलं गेलं. सर रिचर्ड टेम्पल यांनी सुचवलेला हिशेब होता प्रौढ माणसाला रोज एक पौंड धान्य, वर किरकोळ पैसे. दगड फोडायचे आणि एवढ्यावर जगायचं. याच टेम्पलसाहेबांना १८७७ मध्ये मुंबईचं गव्हर्नरपद मिळालं. या हिशेबात धान्य आहे, भाजी नाही. भाजी लोकांनी रानातून आणली. नुसती भूक मारायला.

पुढे १८९९-१९०० चा दुष्काळ आला, विक्रम संवत १९५६ चा, म्हणून लोक त्याला छप्पनिया म्हणत. त्यानंतर १९०२ मध्ये जी. ए. गॅमी या वनस्पतिशास्त्रज्ञानं एक टिपण छापलं. विषय होता मुंबई इलाख्यात दुष्काळात आणि टंचाईत लोक कोणत्या वनस्पती खातात. अखेर आपल्या रानातल्या पानांची सरकारी कागदावर नोंद झाली, पण ती ‘दुष्काळातलं खाणं’ या मथळ्याखाली. म्हणून जुन्या माणसांसमोर टाकळ्याचं नाव काढलं की काहींच्या तोंडाला पाणी सुटतं आणि काही विषय बदलतात. तेच पान हौसेनं खाल्लं तर आनंद, आणि दुसरं काहीच नाही म्हणून खाल्लं तर लाज. कित्येक घरांनी पुढे बरे दिवस आल्यावर या भाज्या मुद्दाम सोडल्या असतील, असं मला वाटतं.

त्या जिवंत ठेवल्या पश्चिमेकडच्या पट्ट्यानं. त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा, इगतपुरी. कोकणा, महादेव कोळी, वारली घरांतल्या बायांना कोणतं पान कधी तोडायचं हे ठाऊक असतं. टाकळा पहिल्या पावसानंतर कोवळा असतानाच. शेवळं घशाला खाजतात, म्हणून त्यात काकडाची आंबट फळं टाकायची. कुर्डू, फोडशी, भारंगी, प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. चुकीचं पान तोडलं तर पोट बिघडतं, त्यामुळे हे ज्ञान म्हणजे खेळ नाही. गेली काही वर्षं राज्याचा कृषी विभाग ऑगस्टमध्ये रानभाजी महोत्सव भरवतो, तिथे शहरातले लोक फोटो काढतात आणि वाटे विकत घेतात. छानच आहे. फक्त घेताना करायची कशी हेही त्या मावशींना विचारा, त्या सांगतात.

आणि वाफ्यातल्या भाजीचं काय? नाशिकच्या बाजार समितीत कोथिंबीर, मेथी, शेपू, कांदापात यांचा लिलाव होतो तो शेकड्यावर, म्हणजे शंभर जुड्यांचा भाव. किलो नाही. जुडीला वजन नसतं, ती बांधणाऱ्याच्या मुठीएवढी. रात्री गाड्या भरतात, कसारा घाट उतरतात आणि पहाटे मुंबईत पोचतात. पाऊस लागून माल कमी झाला की एक जुडी बघता बघता महाग होते, बातमी होते. आवक वाढली की मजुरीही सुटत नाही, आणि शेतकरी उभ्या मेथीत जनावरं सोडतो. चार-पाच आठवड्यांत तयार होणारं पीक, त्यामुळे एका हंगामात दोन्ही टोकं बघायला मिळतात. दहा रुपयाला जुडी मिळाली म्हणून आपण खूश होतो तेव्हा दुसऱ्या टोकाला काय चाललेलं असतं, ते हे.

बुधवारी गोदाघाटावर बाजार भरतो. जमलं तर एकदा सकाळी जा आणि चाकवत, चंदनबटवा, पोकळा, तांदुळजा यातल्या किती ओळखता येतात बघा. आणि हो, तुमच्या घरी टाकळ्याला काय म्हणतात? टाकळा, तरोटा, की आणखी काही? आजीला विचारा, आणि तिच्याच आवाजात व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात त्या नोट्स ऐकवतो.